अंड्याचा शेंडा

नोनी टॅल्टीच्या दाराशी कुणीही आलं तरी पहिला प्रश्न एकच असायचा. "खुद्द आहेत का?"

टपालवाला असो, गुरांचा डॉक्टर असो, नाहीतर कुत्र्याचा परवाना तपासायला आलेला पोलीस असो. नोनी हात पुसत दाराशी यायची आणि सांगायची, "खुद्द कुरणात गेलेत," किंवा "खुद्द जरा पडलेत." मग आलेला माणूस टोपी डोक्यावर चढवून "बरं, नंतर येतो" म्हणत निघायचा. गाय कधी व्यायली, कुंपण कुठे मोडलंय, कुत्रा कुणाला चावलाय, हे सगळं नोनीला ठाऊक असायचं आणि खुद्दांना त्यातलं निम्मंही नसायचं. तरी विचारायचं ते खुद्दांनाच. क्लूनगाऱ्यात तशी रीतच होती.

इंग्रजीत तो शब्द आहे 'हिमसेल्फ'. शाळेच्या पुस्तकात त्याचा अर्थ 'तो स्वतः' एवढाच. पण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात, तो शब्द पुस्तकातून उठून चुलीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. तिथे हिमसेल्फ म्हणजे घरधनी, मालक, ज्याच्या नावाने घर ओळखतात तो. आपण त्याला 'खुद्द' म्हणू. आपल्याकडच्या बायका 'हे' म्हणतात, त्यात लाज असते, कधी थोडा लाडही असतो. 'खुद्द'मध्ये निम्मा आदर आणि निम्मा टोमणा. बायकांना वाटतं, टोमणा मारला म्हणजे फिटंफाट झाली. टोमण्याने कुणाची खुर्ची गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, आणि त्या गावात मी पुष्कळ वर्षं काढली आहेत.

नोनीच्या घरातले खुद्द म्हणजे तिचा नवरा नव्हे. भाऊ. सेनन टॅल्टी, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा.

१९२७ सालच्या वसंतात थोरल्या बहिणीने, हॅनाने, बॉस्टनहून नोनीसाठी बोटीचं तिकीट पाठवलं होतं. नोनी तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिकिटावर तिचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं, ऑनोरा मेरी टॅल्टी. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्याने ते उच्चारलं असेल तेवढंच. त्यानंतर कुणी उच्चारलं नव्हतं, लिहिणं तर दूरच. नोनीने ते तिकीट तीन वेळा वाचलं. मग सेनन गोठ्यातून आत आला आणि म्हणाला, "बाबा अंथरुणाला खिळलेत. तू गेलीस तर धार कोण काढणार? माझं लग्न होईपर्यंत थांब. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

नोनी थांबली. बोट कोव्ह बंदरातून तिच्याशिवाय गेली. सेननला दोन-तीन स्थळं आली. एकीची आई तोंडाळ होती, दुसरीची जमीन दलदलीची निघाली आणि तिसरी म्हणे फार मोठ्याने हसायची. घरात रोज ताजा पाव भाजणारी, गाई राखणारी, बापाचं हगणंमुतणं काढणारी बहीण आयती असताना कुणाला लग्नाची घाई असते? मला सेननचा राग येतो तो इथे. तो दुष्ट होता म्हणून नव्हे. दुष्ट नव्हताच तो. नुसता बसून राहिला.

१९३० साली बाप गेला. माती देऊन लोक दुपारी घरी आले. नोनी चहा ओतत होती, सेनन भिंतीला टेकून उभा होता आणि चुलीजवळची बापाची खुर्ची रिकामी होती. शेजारची म्हातारी होनान त्याच्याकडे बघून म्हणाली, "उभे का खुद्द? बसा की." सेनन बसला. घर, जमीन, गाई आणि तो शब्द एका वाक्यात त्याचे झाले. नोनी त्याला साखर किती म्हणून विचारायला गेली, तेव्हा तिच्या तोंडूनही "खुद्दांना किती?" असंच निघालं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंडं.

त्या घरात न्याहारीला अंडं एकच उकडायचं, घरधन्यासाठी. बाकीची दुकानात जायची. लहानपणी बाप सुरीने अंड्याचा वरचा भाग, शेंडा, टचकन उडवायचा आणि पोरांपैकी एकाला द्यायचा. सोमवारी हॅनाला, मंगळवारी सेननला, बुधवारी नोनीला. बोटभर पांढरं आणि नशीब असेल तर पिवळ्याचा ठिपका. सगळ्या गावात बाप लोक असंच करायचे, आणि म्हातारे झालेले लोकसुद्धा त्या शेंड्याची आठवण काढून डोळे पुसायचे. तर बाप गेल्यावर पहिल्या सकाळी नोनीने अंडं उकडून खुर्चीपुढे ठेवलं. सेननने बापासारखाच शेंडा उडवला आणि तिच्यापुढे धरला. "घे, नोनी."

ती सत्तावीस वर्षांची होती. कोंबड्या तिने पाळलेल्या होत्या. पण घरात कालच प्रेत उठलं होतं, भावाचे डोळे लाल होते आणि त्याला दुसरं काही प्रेम दाखवता येत नव्हतं. तिने शेंडा घेतला. मग रोजच घेत गेली.

अशी एकतीस वर्षं गेली. १९६१च्या जूनमध्ये, गवतकापणीच्या दिवसांत, डब्लिनहून टायनन नावाचा माणूस आला. चाळिशीचा, चष्मेवाला, बुटक्या गाडीतून. गावोगावचे लोक इंग्रजी कसं बोलतात, कुठला शब्द कशासाठी वापरतात आणि तो आला कुठून, हे गोळा करून त्याला जाडजूड पुस्तक काढायचं होतं. गावच्या फादरने त्याला सांगितलं, "सगळ्यांत जुनं घर टॅल्टींचं. जाऊन खुद्दांना भेटा."

नोनीने दार उघडलं. टायनन टोपी काढून म्हणाला, "खुद्द आहेत का?"

"अगंबाई," नोनी हसली, "एवढं येतंय तर मग आणखी इथून काय न्यायचंय?"

खुद्द होते. खुद्द खुर्चीत बसून पाइप ओढत होते. टायननने वही उघडली, एकेक वस्तू दाखवून विचारू लागला. सेनन काही ताकास तूर लागू देईना.

"याला काय म्हणता?"

"हं."

"तुमचे आजोबा काय म्हणायचे?"

"असेल काहीतरी."

दोन तासांत सेननच्या तोंडून चार शब्द बाहेर पडले, त्यातला एक म्हणजे कुत्र्याचं नाव. नोनी कोपऱ्यात पीठ मळत होती. तिला राहवेना. ती पाठमोरीच म्हणाली, "कपडे ओले होतात पण छत्री उघडायची लाज वाटते, त्या पावसाला वेगळा शब्द आहे आमच्यात." टायननने खुर्ची फिरवली. मग जी बादली भरून दूध देते आणि वर लाथ मारते त्या गाईचा शब्द नोनीने सांगितला. चहाच्या वेळेला बरोब्बर टपकणाऱ्या आणि रिकाम्या हातांनी येणाऱ्या शेजारणीचा सांगितला. मळलेलं पीठ तसंच वाळून गेलं.

टायनन नऊ दिवस येत राहिला. नोनी लवकर उठून धारा काढायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, धुतलेला एप्रन घालायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला काही विचारून उत्तरासाठी थांबत होतं. तिला आनंद झाला. इतका झाला की तिला त्याची शरमही वाटली.

तोंडाळ म्हातारी होनान केव्हाच वारली होती, पण तिची सून सारा तिच्या तोंडाला जागत होती. ती कुंपणावरून ओरडली, "नोनी, डब्लिनचा पुरुष, रोज येतोय! फादरना तारीख विचारू का?"

"गप गं. त्याला शब्द हवेत."

"आणि खुद्द काय करतात मध्ये?"

"खुद्द बसतात," नोनी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

सातव्या दिवशी टायननने त्याच शब्दाला हात घातला. सेनन खुर्चीत डोळे मिटून होता. पाइप विझला होता.

"मिस टॅल्टी, खुद्द म्हणजे नेमकं कोण?"

"बाकीचे उभे असताना जो बसलेला असतो तो."

टायनन हसला आणि लिहू लागला. "आणखी?"

"अंडं एकच असलं तर ज्याच्यापुढे ठेवतात तो. दार वाजलं की ज्याला विचारतात, पण दार उघडायला जो उठत नाही तो."

"नवराच असावा लागतो का?"

"छे हो! फादरची स्वयंपाकीण फादरना म्हणते. ठाण्यातले शिपाई सार्जंटला म्हणतात. जो तुम्हाला घराबाहेर काढू शकतो आणि तुम्ही ज्याला काढू शकत नाही, तो खुद्द. एवढी साधी खूण आहे."

"बायकांना म्हणत नाहीत?"

"म्हणतात की. घरधन्याच्या बायकोला म्हणतात. नाहीतर त्याच्या आईला, ती असेपर्यंत. दोघी एका घरात असल्या तर मात्र विचारायची सोय नाही, भांडी फुटतात."

"आणि बहिणीला?"

नोनीने किटली चुलीवर ठेवली. जळाऊ मातीची एक वीट चिमट्याने विस्तवात सारली. "बहिणीला नोनी म्हणतात," ती म्हणाली.

टायननने वहीचं पान उलटलं. मग त्याने विचारलं, "हा शब्द या अर्थाने आला कुठून, याबद्दल घरात कधी काही ऐकलंत?"

"आजीकडून. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती आयरिशमध्ये 'शे फेन' म्हणायची, अर्थ तोच. पण आजोबांना नाही म्हणायची. आधी जमीनदाराच्या कारभाऱ्याला म्हणायची. तो घोड्यावरून यायचा. त्याचं नाव घ्यायचं नाही, कोण जाऊन सांगेल नेम नाही. 'खुद्द येताहेत' एवढं म्हटलं की पोरं कोंबड्या लपवायला पळायची. मग जमिनी कुळांच्या झाल्या आणि कारभारी गेला. शब्द काही त्याच्याबरोबर घोड्यावर बसून गेला नाही. तो आजोबांना मिळाला. पुढे शाळेत छड्या मारमारून पोरांची आयरिश काढली, तेव्हा त्यांनी तोच शब्द इंग्रजीत घातला. आजी म्हणायची, माणूस बदलला, पण मला मेलीला अजून कोंबड्या लपवाव्याशा वाटतात."

टायननने पेन्सिल खाली ठेवली. "हे पुस्तकात जसंच्या तसं जाईल, मिस टॅल्टी. शब्दाखाली सांगणाऱ्याचं नाव आणि गावही छापतो आम्ही."

"नाव?"

"पूर्ण नाव."

त्या दिवशी धार काढताना नोनी गाईच्या पोटाला कपाळ टेकून ते नाव पुटपुटून बघत होती. ऑनोरा मेरी टॅल्टी, क्लूनगारा. जमिनीच्या कागदावर सेनन होता. दूधकेंद्रात जाणाऱ्या कॅनवर लाल रंगात सेननची अक्षरं होती. चर्चमधल्या बाकावर बापाचं नाव होतं. कुत्रा आयुष्यभर नोनीच्या मागे फिरला, पण परवान्यावर मालक सेनन. तिचं नाव तिकिटावर होतं ते एकदाच, आणि ते तिकीट अजून फडताळातल्या निळ्या किटलीत पडून होतं. आता तिला हे छापलेलं नाव हवं होतं. तहान लागावी तसं हवं होतं. त्या एकाच गोष्टीसाठी तिने तीनशेवर शब्द काढून दिले, आणि रात्री अंथरुणात आणखी आठवत राहिली.

नवव्या दिवशी आभाळ भरून आलं. कापलेलं गवत जमिनीवर पडलेलं, सेनन अंगणात दाताळं घेऊन उभा, टायननला पुढच्या गावी पोचायची घाई. नोनीचे दोन्ही हात पिठात होते. टायनन घाईघाईने कागद काढत म्हणाला, "एवढं एक राहिलं. शब्द दिल्याचं संमतिपत्र. सही लागेल. नाव कुणाचं घालू?"

घरात कागद आला की उत्तर ठरलेलं होतं. वळूचा कागद, खानेसुमारीचा कागद, कुत्र्याचा कागद. नोनीचं तोंड नोनीच्या आधी बोलून मोकळं झालं.

"खुद्दांचं घाला. अंगणातच आहेत."

टायनन बाहेर गेला. नोनी पीठ मळत राहिली, आणि चार-पाच वेळा मळून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या कानांत शिरलं. ती पिठाच्या हातांनीच दाराशी धावली. अंगणात गाडीवर कागद पसरून सेनन एकेक अक्षर कोरून सही करत होता, बाजूला उभं राहून टायनन त्याच्याशी काही बोलत होता.

"टायननसाहेब!"

दोघांनी वळून पाहिलं. सेननने तिच्याकडे पाहिलं. नेहमीच्या शांत, निळ्या डोळ्यांनी. बाहेरच्या माणसासमोर अंगणात उभं राहून 'तिथे माझं नाव घाला' असं क्लूनगाऱ्यात कोणती बाई म्हणाली होती? कधीच कुणी नाही.

"पाव," ती म्हणाली. "सोड्याचा पाव घेऊन जा. वाटेत खायला होईल."

टायननने मनापासून आभार मानले. पाव अजून गरम होता.

नोनीने स्वतःची समजूत काढली. सही म्हणजे नुसती सही. कोण बोललं ते त्याला माहीत आहे, नऊ दिवस माझ्याकडे तोंड करून बसला होता, आंधळा आहे का तो? अशा समजुतीवर तिने चार वर्षं काढली. टपालवाला वळणावर दिसला की ती एप्रनला हात पुसायची. साराने दोनदा विचारलं, "काय गं, पुस्तकात बसलीस की नाही अजून?" तिसऱ्यांदा विचारायचं तिने टाळलं.

१९६५च्या ऑक्टोबरमध्ये पुस्तक आलं. पाकिटावर नाव होतं, श्री. सेनन टॅल्टी. नोनीने ते उघडलं नाही, खुद्दांच्या नावाचं टपाल ती कधीच उघडत नसे. सेननने उघडलं, चाळलं आणि रविवारच्या प्रार्थनेला काखेत मारून चर्चला नेलं. परत येताना शाळेचा हेडमास्तर, सारा, तिचा नवरा आणि आणखी आठ-दहा माणसं बरोबर आली. स्वयंपाकघर भरून गेलं. नोनीने चहा टाकला.

हेडमास्तरने खाकरून वाचायला सुरुवात केली. "'हिमसेल्फ. घरधनी, मालक. बाकीचे उभे असताना जो बसलेला असतो तो.'" लोक खदखदून हसले. अंड्याचं आलं, घोड्यावरच्या कारभाऱ्याचं आलं, कोंबड्यांचं आलं. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. नोनी किटली हातात धरून उभी होती. मास्तरने शेवटची ओळ वाचली. "'सांगणारे: सेनन टॅल्टी, शेतकरी, क्लूनगारा.'"

"वा, सेनन!" कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आम्हाला वाटायचं तुला बोलताच येत नाही."

"आतल्या गाठीचा आहे लेकाचा!"

सेनन लाजला. लाजून त्याने पाइप पेटवला.

"हे तर सगळं बोलणं..." साराने नोनीकडे पाहत तोंड उघडलं. तिच्या नवऱ्याने कोपर मारलं. सगळ्यांना माहीत होतं. त्या खोलीतल्या एकूण एक माणसाने ती वाक्यं नोनीच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेली होती, आणि सगळे मिठाची गुळणी धरून चहा पीत होते.

"थांबा, प्रस्तावनेतही आहे," मास्तर पानं उलटत म्हणाला. "'क्लूनगाऱ्याच्या श्री. टॅल्टी यांच्या अफाट स्मरणशक्तीचा मी ऋणी आहे. तसेच त्यांच्या भगिनींचा, सोड्याच्या उत्तम पावाबद्दल.'"

"पाव मात्र खरंच छान असतो हो तिचा," सारा म्हणाली आणि खाली बघू लागली.

लोक गेले. नोनीने कप धुतले, पुसले, फडताळात लावले. मग ती चुलीपुढे येऊन उभी राहिली.

"ते शब्द माझे होते, सेनन."

"कुठले?"

"सगळे. अंड्याचे. आजीचे."

"आजी माझीही होती."

"तू नऊ दिवसांत तोंड उघडलं नव्हतंस!"

सेननला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मी सांगितल्याचं मी कुठे म्हणालो? मी विचारलं होतं त्याला अंगणात, तिचं नको का म्हणून. तो म्हणाला, तीच म्हणाली खुद्दांचं घाला. मग तू दारात आलीस. मला वाटलं, आता सांगशील."

"मग?"

"मग तू पाव दिलास."

नोनीला बसावंसं वाटलं. पण चुलीजवळ खुर्ची एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धार काढली, विस्तव फुलवला, अंडं उकडलं आणि खुर्चीपुढे ठेवलं. सेननने सुरीने शेंडा उडवला. चांगला मोठा निघाला, पिवळ्यासकट. त्याने तो तिच्यापुढे धरला. "घे, नोनी."

"नको."

त्याचा हात हवेत राहिला. "बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग?"

तिने दोन्ही हात एप्रनखाली घट्ट धरले होते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलंय, आता तरी तो सुरी खाली ठेवेल, विचारेल, निदान एकदा तोंड वर करून बघेल, असं तिला वाटत होतं. बासष्टाव्या वर्षी तिला तसं वाटत होतं. सेननने हातातल्या शेंड्याकडे पाहिलं, मग खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. मग त्याने चमच्याने शेंडा कोरून खाल्ला, कवच पालथं करून बशीत ठेवलं आणि उरलेल्या अंड्यावर मीठ टाकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने शेंडा पुढे केला नाही. नंतरही कधी केला नाही. अंडं नोनीच उकडत राहिली.